मुलींची उंची, बाईपण आणि मन : कुठे डॉक्टर, कुठे शिंपी, कुठे समुपदेशक?

मोजपट्टी
वधू-वरांच्या धाग्यावर उंचीवरून जे शंभरेक प्रतिसाद झाले, त्यात कामाची माहिती चार ओळींची होती, म्हणून हा वेगळा धागा. उंच मुलीला "जरा वाकून चाल, पुरुषासारखी दिसतेस" आणि ठेंगणीला "अजून शाळेत आहेस का?" हे दोन्ही आपल्याकडे सर्रास ऐकवलं जातं. दोन्हींत उंचीवरून बाईपण मोजलेलं असतं. माझे प्रश्न असे : उंचीचा मनावर खरंच किती परिणाम होतो? वाढीच्या वयात नेमकं काय तपासायचं? ट्रान्स स्त्रियांच्या (जन्मतः मुलगा ठरवलेल्या, पण स्वतः स्त्री असलेल्या) बाबतीत हा प्रश्न वेगळा असतो का? आणि रोजच्या कपड्यालत्त्यात काय करता येतं?
स्वतःच्या, मावशीच्या आणि शेजारणीच्या कहाण्या कृपया जुन्या धाग्यावर. इथे माहिती हवी.

पर्वतीपायथा
आधी आकडे घेऊ, म्हणजे "ताडमाड" आणि "ठेंगणी" कुणाला म्हणायचं ते ठरेल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतीय स्त्रीची सरासरी उंची १५२ सेंमीच्या आसपास, म्हणजे जेमतेम ५ फूट. आरोग्यविषयक पाहण्यांत १४५ सेंमीच्या खालची उंची बाळंतपणाच्या दृष्टीने जोखमीची धरतात. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत स्त्रियांना किमान १५५ सेंमी लागतात. म्हणजे सरासरी बाई तिथे मोजपट्टीखालीच बाद होते. दुसऱ्या टोकाला ५ फूट ७ इंचांची, म्हणजे १७० सेंमीची मुलगी आपल्या सरासरीपेक्षा १८ सेंमी उंच. लॅटव्हियात जाऊन उभी राहिली तर ती चारचौघींसारखी दिसेल, कारण तिथल्या स्त्रियांची सरासरीच तेवढी आहे. शरीर तेच, रांग बदलली.
मनावरच्या परिणामाबद्दल लोकांना वाटतं तेवढा पुरावा नाही. २००४ साली अमेरिकेत सहावी ते बारावीच्या शाळकरी मुलांवर झालेला एक अभ्यास प्रसिद्ध आहे. वर्गातल्या मुलांनाच एकमेकांबद्दल विचारलं : मैत्री कुणाशी, वागणं कसं, कोण आवडतं. उंचीचा परिणाम जवळजवळ शून्य निघाला. उलट डॉक्टरांकडे उंचीची तक्रार घेऊन आलेल्या मुलांत त्रास जास्त दिसतो. त्याचं कारण सरळ आहे : ज्यांना त्रास होतो तेच दवाखान्यात येतात. दवाखान्यातल्या मुलांवरून सगळ्या बुटक्या मुलींबद्दल निष्कर्ष काढला की चूक होते.
उंच लोक आयुष्याबद्दल जास्त समाधानी असतात असंही छापून येतं. २००९ च्या एका मोठ्या अमेरिकी विश्लेषणात ते दिसलं, पण शिक्षण आणि उत्पन्न बाजूला काढल्यावर फरक बहुतेक विरघळला. म्हणजे बालपणी धड खायला मिळालं त्यांची उंचीही वाढली आणि पगारही.

पुणेरी_पाटी
म्हणजे उंचीचा त्रास होत नाही म्हणायचं? मग लग्नाच्या बाजारात काय चालतं ते?

पर्वतीपायथा
तसं नाही म्हटलेलं. त्रास असतो, पण तो सेंमीच्या प्रमाणात वाढत नाही. तो "बाई पुरुषापेक्षा बुटकी हवी" या नियमाला शरीर कुठे आडवं येतं, तिथे होतो. हा नियम किती घट्ट आहे बघा. १९८० च्या एका अमेरिकी पाहणीत बँकेच्या अर्जांवरून ७२० जोडप्यांची उंची पाहिली, तर बायको उंच असलेलं जोडपं निघालं १. चिठ्ठ्या टाकून जोड्या लावल्या असत्या तरी शंभरात २ निघायला हवी होती. २०१३ मध्ये ब्रिटनमधल्या मोठ्या नमुन्यात मात्र बायको उंच असलेली जोडपी ७.५ टक्के होती आणि योगायोगाने अपेक्षित होती १०.२ टक्के. म्हणजे नियम आहे, पण कथा सांगतात तितका पोलादी नाही. त्याच वर्षीच्या आणखी एका अभ्यासात स्त्रिया सर्वात समाधानी होत्या जोडीदार २१ सेंमी उंच असताना, आणि पुरुष बायको ८ सेंमी बुटकी असताना. पुरुषांना अंतराचं तितकंसं पडलेलं नाही, ही गोष्ट उंच मुलींच्या आयांनी वाचावी.

अस्थिवय
वाढीच्या वयाबद्दल लिहितो. इथे सर्वात जास्त गोंधळ आहे, आणि वेळ निघून गेल्यावर काही करता येत नाही.

मोजणं. अनवाणी, भिंतीला पाठ, टाचा-कुल्ले-खांदे टेकलेले. वेणी, अंबाडा, क्लिप सोडायची. अंबाड्याने दोन सेंमी सहज वाढतात. नजर समोर, कानाच्या छिद्राची वरची कड आणि डोळ्याच्या खोबणीची खालची कड एका आडव्या रेषेत. डोक्यावर मऊ वही नको, कडक पुठ्ठ्याचं पुस्तक भिंतीला काटकोनात. भिंतीला खाली स्कर्टिंगची पट्टी असेल तर टाचा पुढे येतात आणि माप चुकतं, म्हणून दाराच्या चौकटीजवळची सपाट जागा बघा. दिवसभरात मणक्यांमधल्या चकत्या दबून १ ते २ सेंमी उंची कमी होते, तेव्हा दर वेळी साधारण त्याच वेळेला मोजा. आणि सहा महिन्यांच्या आत पुन्हा मोजू नका. अर्धा सेंमी तर मोजण्यातच इकडे-तिकडे होतो.

तक्ता. ५ ते १८ वयासाठी भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे २०१५ चे तक्ते वापरा. ते बनवणाऱ्यांत आपल्या जहांगीर रुग्णालयाच्या संशोधन संस्थेचे डॉ. वामन खाडिलकर आणि डॉ. अनुराधा खाडिलकर होते, म्हणजे पुण्यातल्या पालकांना सबब नाही. परदेशी तक्त्यावर आपली धडधाकट मुलगीही "बुटकी" निघते. २००३ साली अमेरिकेत कोणताही आजार नसलेल्या बुटक्या मुलांसाठी ग्रोथ हॉर्मोनला परवानगी मिळाली, तेव्हा ज्याखाली औषध देता येईल ती मुलींच्या मोठेपणीच्या उंचीची रेघ साधारण ४ फूट ११ इंचांवर येत होती. इथे ती सरासरीच्या जेमतेम दोन-तीन सेंमी खाली आहे. ती रेघ उचलून आणली तर वर्गातल्या कितीतरी मुली इंजेक्शनांना लावाव्या लागतील.

घराण्याची उंची. वडिलांच्या उंचीतून १३ वजा करा, आईची मिळवा, दोनाने भागा. वडील १६८, आई १५५ असतील तर मुलीची अपेक्षित उंची १५५, आणि साधारण ८ सेंमी खाली-वर. मुलगी या पट्ट्यात आणि दर वर्षी ५-६ सेंमी वाढत असेल तर शांत बसा. वयात येण्याआधीच्या वर्षांत ४ सेंमीपेक्षा कमी वाढ असेल तर मात्र दाखवा, मग ती आत्ता उंच दिसत असली तरी.

निळीछत्री
चौथीत वर्गात सर्वात उंच आणि दहावीत सर्वात बुटकी, असं का होतं?

अस्थिवय
पाळी लवकर आलेली असते. मुलींची झपाट्याची वाढ छातीचा उभार सुरू झाल्यावर होते, त्या काळात वर्षाला ८ सेंमीच्या आसपास. पाळी येते तेव्हा ती झेप संपत आलेली असते आणि त्यानंतर सरासरी ५ ते ७ सेंमी उरतात. इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक (हॉर्मोन) हाडांच्या टोकांच्या वाढीच्या चकत्या बंद करतं. म्हणून आठ वर्षांच्या आत उभार दिसला तर "लवकर मोठी झाली" म्हणून कौतुक करत बसू नका, महिन्याभरात बालसंप्रेरकतज्ज्ञांकडे (मुलांच्या हॉर्मोन्सच्या डॉक्टरांकडे) जा. डाव्या हाताच्या पंजाचा एक्स-रे काढून हाडांचं वय बघतात. वयात येणं लांबवणारी इंजेक्शनं आहेत, पण ती उपयोगी पडायला चकत्या उघड्या हव्यात.
आणि या मुलीच्या मनावरचं ओझं वेगळं असतं. चौथीतल्या पोरीकडे लोक तेरा-चौदाच्या मुलीसारखं बघतात, तिच्याकडून तशीच समज मागतात. शिक्षकांना तिचं वय सांगून ठेवणं हाही उपचाराचाच भाग समजा.

बुटक्या मुलीत काय तपासतात : रक्ताचं साधं चित्र, थायरॉईड, सीलिएकची (गव्हातलं ग्लुटेन न सोसण्याच्या आजाराची) तपासणी, हाडांचं वय आणि गुणसूत्रं. शेवटची तपासणी लोक टाळतात. टर्नर सिंड्रोम साधारण अडीच हजार मुलींत एकीला असतो, एक एक्स गुणसूत्र नसतं किंवा अपुरं असतं. उपचार न घेतल्यास उंची सरासरीपेक्षा २० सेंमीने कमी राहते आणि बहुतेकींना पाळी आपोआप येत नाही. कारण न सापडलेल्या प्रत्येक बुटक्या मुलीत ही तपासणी हवी. पंधराव्या वर्षी "पाळी का नाही" म्हणून शोध सुरू झाला की उंचीची वर्षं गेलेली असतात, आणि त्याच वेळी "मी पूर्ण बाई नाही का?" हा प्रश्न मुलीपुढे एकदम आदळतो. सात-आठव्या वर्षी कळलं तर उंची, संप्रेरकं आणि बोलणं, तिन्हींना वेळ मिळतो.

उंच मुलीत एक गोष्ट कधीही सोडू नका. बारीक बांधा, लांब बोटं, चष्म्याचा मोठा नंबर, आणि दोन्ही हात पसरल्यावरची लांबी उंचीच्या १.०५ पटीपेक्षा जास्त. अंगठा मुठीत घेतला की त्याचं टोकाचं पेर करंगळीच्या बाजूने पूर्ण बाहेर येतं का तेही बघा. यातलं बरंच जुळलं तर मार्फन सिंड्रोमसाठी (सांधे, डोळे, धमन्या यांना धरून ठेवणारी ऊती कमकुवत असण्याचा आजार) हृदयाची इको करून घ्या. अमेरिकेची व्हॉलीबॉलपटू फ्लो हायमन १९८६ साली जपानमध्ये सामना चालू असताना कोसळून गेली. महाधमनी फाटली होती. निदान मृत्यूनंतर झालं. ज्या उंचीचं कौतुक चालू होतं, तिचं कारण कुणी विचारलं नव्हतं.

पुणेरी_पाटी
उंची थांबवायची गोळी असते म्हणतात.

अस्थिवय
असायची. १९५० च्या दशकापासून अमेरिका, युरोप, ऑस्ट्रेलियात उंच मुलींना जबर मात्रेत इस्ट्रोजेन देत. एथिनिल इस्ट्रॅडिओल रोज १५० मायक्रोग्रॅम. आजच्या गर्भनिरोधक गोळीत साधारण २० ते ३५ असतं. कारण बहुतेक वेळा एकच : हिला नवरा कोण मिळणार. उंची काही सेंमीने कमी व्हायची. पुढे ऑस्ट्रेलियातल्या त्या मुलींचा बाई झाल्यावर पाठपुरावा झाला. २००४ मध्ये आलेल्या निष्कर्षांत गोळ्या घेतलेल्यांना गर्भधारणेच्या अडचणी जास्त होत्या. नैराश्याच्या बाबतीत गोळ्या घेतलेल्या आणि नुसत्या तपासून सोडून दिलेल्या, यांच्यात फरक दिसला नाही. म्हणजे मनाचं ओझं गोळ्यांनी हलकं झालंच नाही. मला वाटतं या धाग्यातली हीच सर्वात महत्त्वाची माहिती आहे.

मोजपट्टी
आणि १८ नंतर? पावडरी, लटकणं, पाय लांब करायची शस्त्रक्रिया?

अस्थिवय
पावडर : पैसे जातात. लटकणं : मणक्याच्या चकत्या फुगून तात्पुरता फरक, रात्रीच्या झोपेने पडतो तेवढाच. शस्त्रक्रिया खरी आहे. हाड कापून रोज १ मिमी, पाव-पाव मिमी करून चार वेळा, ताणायचं. ५ सेंमीसाठी ५० दिवस ताणणं आणि मग हाड पक्कं व्हायला सेंमीमागे महिना धरा. सांधे आखडणं, जंतुसंसर्ग, नसेला ताण, हाड न जुळणं हे सगळं होऊ शकतं. पाय लहान-मोठे असतील तर हे वरदान आहे. बायोडाट्यासाठी करणाऱ्याने आधी इथल्या समुपदेशक अर्धविराम यांच्याशी बोलावं.

पाठ_सरळ
उंच मुलींच्या पाठीबद्दल थोडक्यात. खांदे पुढे आणि मान बाहेर, ही सवय साधारण ११ ते १४ मध्ये लागते. उंची आणि छाती दोन्ही लपवायची असतात. "सरळ बस" ओरडून काही होत नाही, कारण पाठीचे स्नायू पाच मिनिटांत थकतात. दंडाच्या उंचीवर रबरी पट्टा बांधून मागे खेचणं, १०-१२ चे २-३ संच, आठवड्यातून तीनदा. हनुवटी आत ओढून डोकं भिंतीला टेकवणं, ५ सेकंद, दहा वेळा. ६ ते ८ आठवडे द्या.
त्याआधी एक तपासणी : मुलीला पाय जुळवून, तळवे एकत्र करून कमरेतून वाकायला सांगा आणि मागून बघा. एका बाजूची बरगडी वर आलेली दिसली तर तो नुसता पोक नाही, मणका वळतोय. वाढीच्या झपाट्यात हा बाक मुलींमध्ये भराभर वाढतो. अस्थिरोगतज्ज्ञ गाठा, व्यायामाचा क्लास नको.

अर्धविराम
ट्रान्स स्त्रियांबद्दल मोजपट्टी यांनी विचारलं होतं. प्रश्न वेगळा आहे, आणि तो कुठे वेगळा आहे हे न ओळखल्याने समुपदेशनात घोळ होतो.
उंच सिस (म्हणजे ट्रान्स नसलेली) मुलगी सहसा म्हणते, "मी बाई आहे, पण लोकांना बेढब वाटते." तिच्या ओळखीवर तिचा स्वतःचा विश्वास असतो. ट्रान्स स्त्रीला उंची हा रोजचा पुरावा वाटतो, लोकांनी तिच्या विरुद्ध वापरायचा. पुरुषी पौगंडावस्था पूर्ण झाली असेल तर हाडांच्या वाढीच्या चकत्या बंद झालेल्या असतात. नंतर घेतलेल्या इस्ट्रोजेनने चरबीची ठेवण, त्वचा, स्तन बदलतात, उंची आणि पावलाचं माप बदलत नाही. हे पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगावं. "बघू, फरक पडेल" असं मोघम बोललं की दोन वर्षांनी निराशा दुप्पट होते.
जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणात लिंगभाव-विसंगती (जन्मतः ठरवलेलं आणि आतून जाणवणारं लिंग न जुळणं) मानसिक आजारांतून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ठेवली आहे. तेव्हा उंचीमुळे होणारी घुसमट ऐकून "हा भ्रम आहे" म्हणणारा समुपदेशक बदला.
मात्र उंचीचं खूळ हा तिसरा प्रकार आहे, आणि तो सिस, ट्रान्स कुणालाही होतो. रोज तासभर किंवा जास्त वेळ उंचीचाच विचार, प्रत्येक काचेत खांद्याची रेघ तपासणं, कोण किती उंच याची मनात मोजदाद, त्यापायी कॉलेज बुडवणं. इथे मनोविकारतज्ज्ञ हवेत. शस्त्रक्रियेने हे बरं होत नाही, खूळ दुसऱ्या अवयवावर जातं.

घरी करण्यासारखं सांगते. दोन आठवडे वही ठेवा, चार रकाने : प्रसंग, मनात काय आलं, मी काय केलं (वाकले, मागच्या रांगेत गेले, बसून राहिले), त्रास ० ते १००. मग त्रासाच्या चढत्या क्रमाने पायऱ्या लावा. मैत्रिणीशेजारी सरळ उभं राहून फोटो ३०, तुळशीबागेतून वाकल्याशिवाय एक फेरी ५०, लग्नात पुढच्या रांगेत फोटो ८०. खालच्या पायरीवर त्रास निम्मा होईपर्यंत तिथेच थांबायचं, मगच पुढची. बिघडतं कुठे? एकदम लग्नाच्या हॉलपासून सुरुवात केली की. किंवा पायरी चढतात पण गुडघे किंचित वाकवून. मग मेंदू शिकतो की वाकले म्हणून वाचले. ट्रान्स स्त्रियांना ही पद्धत सरसकट देऊ नका. त्यांच्या भीतीत खरा धोकाही असतो, तिथे आधी सुरक्षित जागा आणि सोबत ठरवायची, पायऱ्या नंतर.
मनात मरणाचे विचार असतील तर वही बाजूला. १४४१६ हा सरकारचा टेलि-मानस क्रमांक आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं.

निळीछत्री
ट्रान्स पुरुषांच्या कमी उंचीचं काय?

मोजपट्टी
महत्त्वाचं आहे, पण वेगळा धागा काढा. इथे मिसळलं तर दोन्हींचं भजं होईल.

सुईदोरा
कपड्यांचं मी सांगते. निम्मी कटकट इथे मिटते, आणि समुपदेशकापेक्षा शिंपी स्वस्त पडतो (अर्धविराम, रागावू नका).
साडीचा पन्हा (रुंदी) ४५-४६ इंच. ५ फूट १० इंचांच्या बाईची कंबर जमिनीपासून साधारण ४३ इंचांवर. खोचायला ३ इंच धरले की पन्हा संपला, दोन इंचांची टाच घातली की घोटे उघडे. उपाय दोन. परकर दीड इंच खाली बांधणं, हा फुकटचा. दुसरा, साडीच्या वरच्या, खोचायच्या काठाला त्याच रंगाची ५ इंचांची पट्टी जोडणं. पट्टी पूर्ण साडीला नको, पहिला वेढा आणि निऱ्या मिळून तीन मीटर पुरतात. पदराकडे जाऊ देऊ नका. कापड मलमलचं घ्या आणि आधी भिजवून वाळवा. पॉपलीनची पट्टी लावली तर निऱ्यांपाशी पोटावर गठ्ठा होतो, आणि न भिजवता लावली तर पहिल्या धुण्यात आटून वरचा काठ चुण्या मारतो.
४ फूट १० इंचांच्या बाईला उलट सहा-सात इंच जास्तीचे. ते सगळे खोचले की कंबर जाड दिसते. वरच्या काठाला आतून आडवी दुमड घालून हातशिलाई मारा. कापू नका, कापलेली साडी पुढे दुसरीला देता येत नाही.
तयार कुर्त्यांत उंच बाईची खरी अडचण लांबीची नसते, कमरेच्या जागेची असते. खांद्यापासून कमरेची खूण १५ इंचांवर येते, तिची कंबर १६-१७ वर. घेर बरगडीवर बसतो आणि चीर कमरेलाच सुरू होते, त्यामुळे "लहान भावाचा सदरा" दिसतो. हे दुरुस्तीत सुटत नाही. कापड घेऊन शिवा : ४४ पन्ह्यात पूर्ण बाहीच्या कुर्त्याला अडीचऐवजी पावणेतीन ते तीन मीटर. रविवार पेठेत ताग्यावरून हवं तेवढं मिळतं. शिंप्याला छातीचं माप देताना खांद्यापासून छातीच्या टोकापर्यंतचं माप वेगळं लिहायला लावा. बहुतेक जण अंदाजाने टक घालतात.
रुंद खांदे असतील, मग बाई सिस असो वा ट्रान्स, फुग्याची बाही नको. खांद्याची शिलाई अर्धा इंच आत घ्या, गळा व्ही आकाराचा. मोंढा (बाही जोडायचा काखेचा घेर) मात्र घट्ट करू नका, हात वर करताना सगळा कुर्ता वर येतो. ट्रान्स ग्राहकांची मापं पडद्याआड घ्यायची आणि मापाच्या वहीत त्यांनी सांगितलेलंच नाव लिहायचं, एवढं शिंप्याला आधी फोनवर विचारून घ्या. जो अडखळला, त्याच्याकडे जाऊ नका.
चपलांत तयार मालाची मजल बहुतेक ४१ नंबरपर्यंत. त्यापुढे कोल्हापुरी मापाने करून घेणं सर्वात सोपं. कागदावर उभं राहून दोन्ही पावलांची रेघ काढून द्या, बसून काढलेली रेघ लहान येते.

पर्वतीपायथा
ओट्याचं राहिलं. बांधकामवाले ८० ते ८५ सेंमीवर ओटा घालतात. कोपराच्या उंचीपेक्षा १० ते १५ सेंमी खाली ओटा हवा. १५० सेंमीच्या बाईला तो बरोबर बसतो, १७८ च्या बाईला ९७ ते १०० हवा. घराचं काम काढलं असेल तर कडाप्पा बसवायच्या आधी सांगा.

पुणेरी_पाटी
म्हणजे १७८ च्या बाईने स्वयंपाक करू नये, अशीच सोय आहे. वाईट नाही.

निळीछत्री
शेवटचं. बायोडाट्यात उंची किती लिहायची? ५ फूट ९ असेल तर आई ५-७ लिही म्हणते.

पर्वतीपायथा
अनवाणी, दुपारनंतर मोजलेली, सेंमीत लिहा : १७५. फूट-इंचांत लिहिली की प्रत्येक जण आपापल्या सोयीने गोळाबेरीज करतो. मुलीकडचे दोन इंच कमी सांगतात, मुलाकडचे दोन जास्त, आणि कांदेपोह्यांच्या वेळी कागदावर एक इंच उंच असलेला मुलगा समोर तीन इंच बुटका निघतो. मग पत्रिका जुळत नाही असं कळवतात.

अर्धविराम
आणि "मुलगी उंच आहे, चालेल ना?" असं फोनवर विचारू नका. १७५ सांगा आणि थांबा. ज्याला चालत नाही तो स्वतःहून सांगतो, आणि मुलीला शेजारच्या खोलीतून स्वतःबद्दल माफी मागितलेली ऐकावी लागत नाही.